आईपुढून गेलेली थाळी

आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाची भाकर माझी आई भाजायची, आणि तीच भाकर खायला तिला बंदी होती. हे सांगितलं की आमची नातवंडं म्हणतात, आजी, काहीतरीच तुझं, असं कुठं असतं का? असतं बाबांनो. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, आणि बघून बघून डोळे फुटायची वेळ आलीय.

काष्टीहून श्रीगोंद्याकडं जाताना आडबाजूला आमचं गाव. गावकुसाबाहेर आमची ख्रिस्ती आळी, आणि तिला चिकटूनच आमची जुनी भावकी. आमच्या आजोबांच्या वेळी निम्मी घरं ख्रिस्ती झाली, निम्मी होती तशी राहिली. चुली वेगळ्या झाल्या, पण भिंत एकच. माझे वडील मिशनच्या शाळेचे मास्तर. खोली एकच होती. आठवडाभर शाळा, आणि रविवारी फळ्यावर चादर टाकली की तेच देऊळ. रविवारची प्रार्थना वडील घ्यायचे, पण प्रभुभोजन द्यायचा अधिकार त्यांना नव्हता. ते पाळकसाहेबांचं काम. पाळकसाहेब नगरला राहायचे. तीन-चार महिन्यांनी एकदा रेल्वेनं काष्टीला उतरायचे आणि तिथून सायकल हाणत यायचे. ते आले की आळीत सण.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रभूला धरून नेण्याआधी त्यानं शिष्यांबरोबर शेवटचं जेवण केलं, भाकर मोडून दिली, प्याला दिला, आणि हे माझं शरीर, हे माझं रक्त, तुमच्यासाठी देतोय, असं सांगितलं. त्याची आठवण म्हणजे प्रभुभोजन. भाकरीचा एवढासा तुकडा आणि द्राक्षारसाचा एक घोट. पण तो तुकडा तोंडात पडला म्हणजे आपण प्रभूचे, आपल्यासाठी तो मेला, आपलं तारण झालं, असं आमची माणसं मानायची. कुणाच्या हातून मोठं पाप घडलं तर मंडळी त्याला भोजनातून बाजूला काढायची. सगळ्यांपुढं उभं राहून 'चुकलं' म्हणालं की परत घ्यायची. रीत साधी होती. बहुतेक सगळे म्हणायचे आणि मोकळे व्हायचे.

आई आदल्या दिवशी काळ्या मनुका भिजत घालायची, मग कुस्करून स्वच्छ फडक्यातून गाळायची. सकाळी अंघोळ करून गव्हाची जाडसर पोळी भाजायची, अळणी. ती भाजताना कुणाशी बोलायची नाही. मी मध्येच काही विचारलं तर हातानंच गप बस म्हणायची. तिला लिहितावाचता यायचं नाही, पण वडलांचं बायबल ऐकून ऐकून तिला इतकं पाठ झालं होतं की वडील एखादी ओळ विसरले तर ती चुलीपाशी बसून पुढची सांगायची.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत एका उन्हाळ्यात गावात पटकी, म्हणजे कॉलरा, आली. मी सात-एक वर्षांची असेन. माझ्या पाठीवर एक भाऊ होता, नुकताच बोलायला लागलेला, मला ताईच्या ऐवजी 'ताती' म्हणायचा. सकाळी त्याला उलटी झाली आणि दिवस मावळायच्या आत तो गेला. वडील त्याच्या उशाशी गुडघे टेकून प्रार्थना करत होते. आईही करत होती. आळीतली सगळी माणसं दाराबाहेर बसून प्रार्थना करत होती. काही उपयोग झाला नाही. त्याला पुरून आले आणि दुसऱ्याच दिवशी मला सुरू झालं.

गावानं मरीआईचा गाडा काढायचं ठरवलं होतं. आमच्याकडं ही जुनी रीत. लहानसा लाकडी गाडा, त्यात देवी बसवायची, लिंबं, नारळ, हळदकुंकू, घरोघरचा दहीभात ठेवायचा, ज्याला जमेल त्यानं कोंबडी द्यायची, आणि वाजतगाजत शिवेपलीकडं नेऊन सोडायचा. रोगराई गाड्यात बसून गेली म्हणायची. शेजारचं गाव तो गाडा पुढच्या शिवेवर ढकलायचं, ते त्याच्या पुढच्या. ती बया शेवटी कुठं जाऊन थांबायची देव जाणे. प्रत्येक घरचं काही ना काही गाड्यात पडलं पाहिजे असा नियम होता. एखादं घर राहिलं तर देवी त्या घरासाठी मागं राहते, अशी समजूत.

ख्रिस्ती आळी अर्थातच काही देत नसे. वडील दर उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, हेच शिकवायचे. म्हणायचे, पूर्वी माणसं पापासाठी बकरी मारायची, कोंबडी मारायची, तरी पाप फिटत नव्हतं. मग देवानं आपला पोरगाच दिला. एकच बळी, एकदाच, सगळ्यांसाठी. आता आणखी रक्त लागत नाही. हे सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा. त्यांचा खरोखर विश्वास होता, पोटासाठी बोलणारे मास्तर नव्हते ते.

मी आजारी पडले तेव्हा वडील औषध आणायला श्रीगोंद्याच्या सरकारी दवाखान्यात पायी निघून गेले होते. त्या दिवसाचं मला फारसं आठवत नाही. हातापायांत वांब, म्हणजे गोळे, यायचे आणि घसा कोरडाठाक पडलेला, एवढंच. बाकीचं मला शेजारच्या मावशीनं पुढं सांगितलं. ही मावशी आईची जिवाभावाची मैत्रीण. तिचाही पोरगा तेव्हा अंथरुणाला खिळलेला. मावशीच्या सांगण्याप्रमाणं, माझे डोळे पांढरे झाले तेव्हा आई उठली. तोंडावर पाणी मारलं, पदर नीट डोक्यावरून घेतला, डालग्याखालची तांबडी कोंबडी काढली, आणि भर दुपारी, गावच्या मधल्या रस्त्यानं, सगळ्यांच्या देखत गाड्यापाशी गेली. वाजंत्री थांबली म्हणे. गाड्यापाशी उभा असलेला भगत चाचरला, मास्तरीणबाई, तुम्ही?  आईनं कोंबडी गाड्यात ठेवली आणि आली तशी परत फिरली.

दिवस मावळताना वडील औषधाची बाटली घेऊन आले. मला औषध दिलं. रात्र निघाली. दोन-तीन दिवसांनी मी पेज मागितली.

मी कशानं जगले? वडील म्हणायचे औषधानं. पाळकसाहेब म्हणायचे प्रार्थनेनं. भावकी म्हणायची, कशानं म्हणजे काय, गाड्यानं. आईनं यातलं एकही कधी म्हटलं नाही.

वडलांना तिनं स्वतःच सांगितलं. मी पडल्या पडल्या ऐकत होते. ती म्हणाली, साहेब आले की त्यांना सांगा, माझ्यापायी खोटं बोलू नका, तुमी न्हाई सांगितलं तर मी सांगीन. वडील बराच वेळ हातातला कंदील पुसत बसले. मग पुढच्या खेपेला पाळकसाहेब आले तेव्हा त्यांनी सांगितलं. वडलांची बाजू मला कळते. मास्तर माणूस, रोज पोरांना खरं बोला म्हणून शिकवायचं, आणि घरातलं झाकायचं कसं? कळते, तरी आजही त्यांचा राग येतो. एवढं खरं बोलायची काय मेली घाई होती?

आता यातली खरी गोम सांगते. त्या आठवड्यात आमच्या आळीतल्या निम्म्या घरांच्या कोंबड्या गायब झाल्या होत्या. विचारलं की म्हणायचे, मुंगसानं नेली. मुंगसाला बरी नेमकी गाड्याच्याच दिवशी भूक लागली! भिंतीपलीकडच्या भावकीच्या हातून सगळ्यांनी गपचूप आपापली कोंबडी पोचती केली होती. मावशीनंही. आईला हे सगळं ठाऊक होतं, बायकांना असल्या गोष्टी ठाऊकच असतात. आईची चूक एवढीच की तिला चोरून करता आलं नाही. देवाला फसवायचं तर निदान उजेडात फसवावं, असं काहीतरी तिचं वेडं गणित होतं.

शाळेत मंडळी बसली. पाळकसाहेब मऊ बोलणारे, पण मनानं पक्के. त्यांनी आईला समजावलं, बाई, तुमच्या कोंबडीचा अर्थ असा होतो की प्रभूचं रक्त पुरलं नाही. आई मान खाली घालून उभी. मग त्यांनी सगळ्यांकडं बघून विचारलं, आणखी कोणी होतं का? सगळ्या आळीनं खाली सतरंजीकडं बघितलं. त्यांनी आईलाच विचारलं, तुमच्याबरोबर कोण कोण होतं?

"मी एकटीच गेल्ते, साहेब," आई म्हणाली.

ते खोटंही नव्हतं. त्या रस्त्यानं ती एकटीच गेली होती.

पाळकसाहेब म्हणाले, मग चुकलं म्हणा, आपण प्रार्थना करू. आई बोलेना. त्यांनी पुन्हा विचारलं. आई पुन्हा बोलेना. शेवटी त्यांना ठरवावंच लागलं की चुकलं म्हणेपर्यंत हिला भोजनात घ्यायचं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी कबूल करते. पण पाणी सगळ्यांच्याच डोळ्यांत होतं. मुंगसाची गोष्ट मात्र कुणी काढली नाही.

आणि तरीही भाकर तीच भाजत राहिली. दुसरं कोण भाजणार? साहेबांच्या ते ध्यानातही आलं नसेल, आणि आळीतल्या बायकांना सवय झालेली. तिचे हात चालत होते, तोंड तेवढं चालत नव्हतं. दर खेपेला ती मनुका भिजवायची, गाळायची, अंघोळ करून पोळी भाजायची, धुतलेल्या फडक्यात बांधून वडलांच्या हातात द्यायची, आणि मग देवळात जाऊन बायकांच्या ओळीत अगदी शेवटी, दाराजवळ बसायची. पाळकसाहेब भाकर आशीर्वादित करायचे आणि थाळी फिरवायचं काम वडलांचं. वडील एकेकापुढं थाळी धरत यायचे. मावशीपुढं धरायचे, मावशी तुकडा उचलायची. मग आईपाशी आले की त्यांची पावलं एकदम भरभर पडायची. तिच्याकडं न बघता ते पुढं निघून जायचे. आई डोळे मिटून बसलेली असायची. मी लहान होते, मला अजून भोजनाचा अधिकार नव्हता, म्हणून मी तिच्या मांडीशी बसायचे. त्या वेळी ती माझा हात इतका घट्ट धरायची की बोटं दुखायची.

एकदा ती पोळी भाजत असताना मी विचारलंच. मी म्हटलं, आई, म्हणून टाक ना चुकलं, सगळे म्हणतात. एरवी ती भाजताना बोलायची नाही, त्या दिवशी बोलली.

"कोंबडीचं काय गं, कोंबडी आज हाय, उद्या न्हाई. मी गाड्यात माझी जागा ठिवली. मला म्हाईत हुतं मी काय सोडतीय. समजून उमजून सोडलं आन् आता चुकलं म्हनून परत मागू?"

मी घाबरले. मी विचारलं, मग तू स्वर्गात यायची नाहीस का? वडील तर सांगायचे, आपण सगळे तिथं भेटणार, माझा भाऊ तिथं आहे. तिनं पोळी उलटली. म्हणाली, तू जा म्हंजी झालं. त्याला सांग, आईनं धाडलंय म्हनून. एवढं बोलून तिनं तवा उतरवला आणि मला पाणी आणायला पिटाळलं. मी घागर घेऊन निघाले आणि विहिरीपर्यंत रडत गेले.

तिचा खरोखर तसा समज होता. तिला वाटायचं, आपलं तारण आपण दिलं आणि लेकरू घेतलं, सौदा पुरा झाला. पाळकसाहेबांनी तिला कितीदा सांगितलं असेल की देव असा बाजार करत नाही. ती ऐकून घ्यायची. आता मी स्वतः म्हातारी झाले, इतकी वर्षं उपदेश ऐकले, मलाही ठाऊक आहे की देव बाजार करत नाही. पण ज्या देवानं आपलं पोर दिलं त्याला ती बाई कळली नसेल, असं मी मरेपर्यंत मानणार नाही. कुणी मला भोजनातून काढायचं तर काढा.

मी बारा वर्षांची असताना आईला खोकला लागला. नगरच्या मिशनच्या दवाखान्यात दाखवलं, क्षय म्हणाले. काही दिवस तिथं ठेवलं, पण तिचं मन लागेना. म्हणाली, मला घरी न्या. थंडी संपता संपता ती अगदी अंथरुणाला लागली. एवढ्या अंगापिंडाची बाई, चिपाड झाली. वडलांनी पाळकसाहेबांना निरोप धाडला. त्यांची पाळी नव्हती तरी ते आले. दुपारची वेळ होती. येताना त्यांनी आजाऱ्याला भोजन देण्याची लहानशी लाकडी पेटी आणली होती, तिच्यात एवढासा प्याला आणि एवढीशी थाळी. त्या दिवशीची पोळी मी भाजली होती. कडा करपल्या होत्या.

मावशी आईचे पाय चेपत बसली होती. वडील खिडकीशी, भिंतीकडं तोंड करून उभे. पाळकसाहेब खाली जमिनीवर आईच्या अगदी जवळ बसले आणि म्हणाले, "बाई, एकच शब्द. मोठ्यानं नको, मंडळीपुढं नको, माझ्या कानात म्हणा. पुढचं प्रभू बघून घेईल."

आईनं पेटीकडं बघितलं. तिला ते हवं होतं हो. तहानलेलं माणूस पाण्याकडं बघतं तशी ती त्या प्याल्याकडं बघत होती. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आई, म्हण ना. माझ्यासाठी म्हण."

माझ्याकडं वळून तिनं मला जवळ बोलावलं. माझ्या मनगटाला धरलं. धाप लागत होती, थांबत थांबत बोलली.

"साहेब, हिच्याकडं बघा. ही उभी हाय न्हवं? मग कसं म्हनू चुकलं?"

  पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, आईच्या कपाळावर हात ठेवला, आणि उघडलेली पेटी तशीच मिटली. त्यांच्या हातात होतं. द्यायचं त्यांनी मनात आणलं असतं तर कोण अडवणार होतं? पण नियम तो नियम. मावशी आईचे पाय सोडून तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

आई चार-आठ दिवसांत गेली. शेवटी शेवटी ती माझ्या भावाचं नाव घ्यायची आणि मध्येच गप्प व्हायची. तिला ख्रिस्ती जागेतच पुरलं, भावाच्या शेजारी, त्याला कुणी हरकत घेतली नाही. वडलांनी दुसऱ्या दिवशी शाळा भरवली. पाढे म्हणून घेताना ते मध्येच थांबायचे आणि पोरंही त्यांच्याबरोबर थांबायची.

मग पुनरुत्थानाचा सण, ईस्टर, आला, आणि पाळकसाहेब आले. देऊळ सारवून, पताका लावून सजवलं होतं. भाकर मीच भाजली, या वेळी करपली नाही. बायकांच्या ओळीत शेवटी आईची जागा रिकामी होती. तिथं कुणी बसलं नाही. बसू नका असं कुणी सांगितलं नव्हतं, आपोआपच कुणी बसलं नाही. मी तिच्या शेजारी बसायचे तशी बसले.

वडील थाळी घेऊन निघाले. मावशीपुढं आले. मावशीनं हात पुढं केला, मागं घेतला, आणि उभी राहिली. म्हणाली, "साहेब, माझीबी कोंबडी हुती त्या गाड्यात. भावजयीच्या हातून दिली. मास्तरीणबाईला ठावं हुतं. मेली तरी बोलली न्हाई."

 मग मागून आणखी एक बाई उठली. मग पुरुषांतला एक म्हातारा, मंडळीचा पंच, जो त्या बैठकीत साहेबांच्या उजव्या हाताला बसला होता. मग आणखी दोघं-तिघं. पाळकसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी सगळ्यांना गुडघ्यांवर बसवलं. सगळी रडत रडत चुकलं म्हणाली. साहेबांनी प्रार्थना केली, प्रभूच्या नावानं क्षमा झाली असं सांगितलं, आणि वडलांना म्हणाले, मास्तर, थाळी फिरवा.

झालं. एका प्रार्थनेत झालं. मावशीचा पोरगा तिच्यापासून हातभर अंतरावर बसला होता, चांगला धट्टाकट्टा. त्याच्या देखत तिला चुकलं म्हणता आलं. आईला माझ्या देखत आलं नाही. यात कुणाचं बरोबर, हे मला अजून ठरवता येत नाही. मावशीवर मी राग धरला नाही, धरू शकले नाही, पुढं तिनंच माझं सगळं केलं.

वडील एकेकापुढं थाळी धरत आले. मावशीनं तुकडा घेतला. पुढच्या बाईनं घेतला. मला अजून अधिकार नव्हता, माझ्यापुढून ते गेले. आणि आईच्या रिकाम्या जागेपाशी ते थांबले. थाळी खाली वाकून धरली, जशी माणसापुढं धरतात तशी, आणि धरून ठेवली. थाळीतले तुकडे हलत होते. सगळं देऊळ बघत होतं. पाळकसाहेब वेदीपाशी उभे होते, त्यांनी पुढं चला म्हटलं नाही.

बायका हुंदके द्यायला लागल्या. मी रडले नाही. मला एवढा संताप आला होता की मला वाटलं उठावं आणि ती थाळी वडलांच्या हातातून उडवून द्यावी. ती तिथं बसत होती ना? दर खेपेला तुम्ही तिच्यापुढून पळत गेलात ना? मग आता कुणापुढं वाकलाय?

पण मी उठले नाही. कारण वडलांनी खालच्या आवाजात काहीतरी म्हटलं. एवढ्या गर्दीत फक्त मलाच ऐकू आलं, मी तिथंच बसले होते म्हणून. त्यांनी म्हटलं, "घे गं."